‘ग्लो ऑफ होप’ समोर ठेवून साडीतली आकृती कशी रंगवावी

साडी नेसलेली बाई रंगवायला घेतली की बहुतेक जण चुण्यांपासून सुरुवात करतात. समोरच्या चित्रात दिसतात तेवढ्या रेघा कागदावर उतरवायच्या, प्रत्येक रेघेच्या कडेने गडद रंग फिरवायचा, वर काठ काढायचा. शेवटी कागदावर साडी उभी राहते आणि आत बाई नसते. खांदा कुठे संपतो, वजन कोणत्या पायावर आहे, पुढे आलेला गुडघा डावा की उजवा, यातलं काहीही विचारलं तर उत्तर मिळत नाही. मग पुढच्या चित्रात चुण्या आणखी वाढतात.

हात कच्चा असतो असं नाही, क्रम उलटा असतो. कापडाला स्वतःचा आकार नाही. ते कुठेतरी टेकतं, कुठेतरी ताणलं जातं, उरलेलं लोंबतं. हे आधार आधी सापडले की अर्ध्या चुण्या काढाव्याच लागत नाहीत. म्हणून इथे दिलेला क्रम असा आहे: आधी चित्र वाचायचं, त्यातलं शरीर शोधायचं, मग खरी साडी खऱ्या माणसाला नेसवून तशाच उजेडात बघायची, आणि मगच चित्राकडे परत येऊन रंगाला हात घालायचा. खऱ्या साडीचा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. या लेखातला सगळ्यात लांब टप्पाही तोच आहे.

अभ्यासासाठी चित्रकार सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र घ्या. हळदणकर सावंतवाडीचे, म्हणून आम्हा कोकणातल्यांना ते जवळचं वाटतं हे खरं, पण निवडीचं कारण वेगळं आहे. एकच आकृती, एकच साडी, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि माध्यम जलरंग. दिवा चित्रातच असल्यामुळे उजेड कुठून येतो हा प्रश्न पहिल्या मिनिटाला सुटतो. पाच-सहा बायकांच्या दरबारी चित्रावर हा अभ्यास सुरू केलात तर पहिल्याच टप्प्यात अडकाल.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटपर्यंतचं रेखाटन झालेलं आहे आणि जलरंगाचा सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, डाग न पडता देता येतो, असं मी धरून चालतो. वॉश येत नसेल तर आधी तो घोटून या, हा लेख कुठे पळून जात नाही.

## तयारी

चित्राची प्रत. मूळ चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधल्या जयचामराजेंद्र कलादालनात आहे. जमेल तेव्हा जाऊन बघाच, पण अभ्यास छापील प्रतीवर होतो. मोबाइलच्या पडद्यावर मात्र करू नका. पडदा स्वतःच उजळलेला असतो, त्यामुळे गडद भाग खरे किती गडद आहेत ते कळत नाही. ए-फोर आकाराच्या दोन प्रती मॅट कागदावर काढून घ्या, एक रंगीत आणि एक काळी-पांढरी. प्रिंट काढण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, चित्र खालून कापलेलं नाही ना? कॅलेंडरवाले पाय उडवतात, आणि वजन कुठे आहे ते पायांशीच कळतं. दुसरी, नाव. याच चित्राच्या प्रती राजा रविवर्म्याच्या नावावरही फिरत असतात. शोधताना त्यामुळे गोंधळू नका.

साडीचा रंग प्रतीप्रतीत बदलतो. कुठे ती जांभळट दिसेल, कुठे गुलाबी, कुठे करडी. प्रतीतला रंग तंतोतंत जुळवण्यात दिवस घालवू नका. छापखान्याने केलेली चूक तुम्ही हाताने नक्कल करत बसाल. प्रतीतून घ्यायचं ते गडद-फिकं आणि आकार.

बाकी सामान. पारदर्शक ओएचपी शीट आणि लाल-निळे मार्कर. 4बी पेन्सिल. 300 जीएसएमचा कोल्ड प्रेस्ड जलरंगाचा कागद, शक्यतो कॉटनचा. राउंड ब्रश 6 आणि 12 नंबरचे, एक इंची फ्लॅट एक. रंगांत यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू. काळा रंग डब्यातून काढून बाजूला ठेवा. नंतर परत ठेवलात तरी चालेल, पण या अभ्यासात तो हाताशी नको.

साडी. कपाटातली सगळ्यात जुनी सुती सहावारी, जी धुऊन धुऊन मऊ झाली आहे आणि आता गोधडीच्या वाटेवर आहे. एकरंगी, फिकी, बारीक काठाची. नवी खळ घातलेली साडी नको, तिच्या चुण्या कोनात मोडतात. जॉर्जेट नको, ते अंगाला चिकटून सरळ खाली जातं आणि चुणी टिकत नाही.

## टप्पा 1: पेन्सिल न उचलता चित्र वाचणं

रंगीत प्रत भिंतीवर लावा, दोन-तीन पावलं मागे उभे राहा आणि वहीत तीन प्रश्नांची उत्तरं शब्दांत लिहा.

उजेडाचं मूळ शरीराच्या कोणत्या भागासमोर आहे? तिथून चेहरा किती दूर, कंबर किती दूर, पाऊल किती दूर?

वजन कोणत्या पायावर आहे? साडीत पाय दिसत नाहीत, म्हणून हे खांद्यांच्या आणि कंबरेच्या तिरपेपणावरून ओळखायचं. ज्या पायावर वजन असतं त्या बाजूचं कंबरेचं हाड वर उचललेलं असतं, आणि सहसा त्याच बाजूचा खांदा खाली झुकतो.

कापड शरीराला नेमकं कुठे टेकलंय, आणि कुठे नुसतं हवेत आहे?

शब्दांत लिहायला सांगतोय त्याला कारण आहे. पेन्सिल हातात असली की डोळा प्रश्न सोडून रेघेमागे धावतो.

## टप्पा 2: साडीच्या आतलं शरीर

काळ्या-पांढऱ्या प्रतीवर ओएचपी शीट ठेवा आणि निळ्या मार्करने साडी नसल्यासारखी आकृती काढा. स्नायू वगैरे नकोत. डोकं, खांद्यांची रेघ, छातीचा पिंजरा, कंबरेचा ठोकळा, दोन मांड्या, दोन नडग्या, दोन पावलं एवढं पुरे.

मापासाठी डोक्याची उंची वापरा. उभ्या मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी धरतात. जांघ साधारण उंचीच्या मध्यावर येते, गुडघा जमिनीपासून दोन डोक्यांच्या आसपास. साडीत नेमकी हीच दोन ठिकाणं झाकलेली असतात, आणि तिथेच चुका होतात. निऱ्या लांबलचक सुंदर दिसतात म्हणून मांड्या लांबवल्या जातात आणि बाई नऊ डोक्यांची होते.

तपासणी: शीट उचलून कोऱ्या कागदावर ठेवा. निळी आकृती स्वतःच्या पायांवर उभी राहते का? हनुवटीखालच्या गळ्याच्या खळगीतून सरळ खाली रेघ टाका. वजन एकाच पायावर असेल तर ती रेघ त्या पावलाजवळ उतरली पाहिजे. दोन्ही पावलांच्या बाहेर गेली तर आकृती पडतेय. पुढे जाऊ नका, हाच टप्पा पुन्हा करा.

## टप्पा 3: आधार आणि ताण

आता त्याच शीटवर लाल मार्कर. कापड जिथे जिथे अडकलंय, टेकलंय किंवा खोचलंय तिथे ठिपका द्या. पदराचा खांदा, उचललेल्या हाताचं कोपर किंवा मनगट, निऱ्या खोचल्याची जागा, बाजूचं कंबरेचं हाड, पुढे आलेला गुडघा, आणि निऱ्या पावलांवर टेकतात ती जागा. मग प्रत्येक ठिपक्यातून ताण कुठे जातो तो बाण काढा.

बाण काढले की चुण्यांचे प्रकार आपोआप वेगळे दिसू लागतात. एकाच ठिपक्यातून लोंबणारं कापड वर अरुंद आणि खाली रुंद होत जाणाऱ्या नळ्या करतं. पदराची मागची बाजू तशी असते. दोन ठिपक्यांच्या मध्ये कापड सैल असेल तर झोळ पडतो, आणि झोळाच्या चुण्या कधी या ठिपक्याकडून, कधी त्या ठिपक्याकडून येऊन मध्ये एकमेकींना चुकवतात. एकमेकींना जोडून सरळ अर्धगोल काढलेत की तो झोळ हारासारखा दिसतो. वाकलेल्या सांध्यापाशी, म्हणजे कोपरावर ब्लाउजची बाही किंवा वळलेली कंबर, आतल्या बाजूला कापड दाबून नागमोडी होतं आणि बाहेरच्या बाजूला ताठ. निऱ्यांचं वेगळं: त्या बोटांनी घातलेल्या घड्या आहेत, त्यामुळे कंबरेपाशी त्या समांतर आणि शिस्तीत असतात, आणि पावलांवर आपटल्यावरच मोडतात.

तपासणी: प्रतीतली कोणतीही चुणी बोटाने धरून वर जा. ती लाल ठिपक्यापाशी पोचली पाहिजे. पोचत नसेल तर एक तर ठिपका राहिलाय, नाही तर ती चुणी तुमची कल्पना आहे.

मग फक्त सहा-सात रेघांत ही साडी कोऱ्या कागदावर काढून बघा. कोणत्या सात, ते तुम्ही ठरवायचं. यावर मी मुलांना जास्तीत जास्त वेळ बसवतो आणि त्यांना ते अजिबात आवडत नाही.

## टप्पा 4: खरी साडी, खरा माणूस, खरा अंधार

घरातली आई, वहिनी, बहीण, कोणीही चालेल. कोणी तयार होत नसेल तर गावात दशावतारी कंपनीत स्त्रीपार्ट करणारा नट गाठा. त्याला साडी नेसून स्थिर उभं राहण्याची सवय असते, आणि ‘आजून किती येळ?’ हे तो बाकीच्यांपेक्षा उशिरा विचारतो.

साडी ज्याची त्याने नेसायची, रोजच्यासारखी. तुम्ही नेसवायला गेलात की ती दुकानातल्या पुतळ्यावरची होते. पिना लावू नका. पिनेने खांद्यावर खोटा ताण येतो, आणि तुम्ही पिनेचा ताण शिकाल. चित्रातल्यासारखा एक हात पुढे आणि दुसरा आडोशाला. पुढचा हात रिकामा नको, त्यात पितळी समई किंवा तांब्या असं काहीतरी वजनदार द्या. वजनाने खांदा बदलतो आणि खांद्याबरोबर पदराचा सगळा घोळ.

सावध: पेटता दिवा हातात देऊ नका. लोंबता पदर, उघडी ज्योत आणि दहा मिनिटं एकाच जागी उभं राहून अवघडलेला हात, यातून चित्र येणार नाही, अपघात येईल. पिवळट उजेडाचा छोटा एलईडी दिवा घ्या, किंवा टॉर्चवर पिवळा जिलेटिन कागद गुंडाळा. बाकीचे दिवे बंद, दार-खिडक्या लावलेल्या. पावसाळ्यात वीज गेली तर तीच वेळ साधा, शेजारच्या घराचाही उजेड आत येत नाही. मॉडेलला भिंतीपासून हातभर पुढे उभं करा म्हणजे मागची सावलीही वाचता येईल.

आता चार गोष्टी बघायच्या, आणि घाई न करता.

पहिली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आपल्याला दिवसाच्या उजेडाची सवय असते: चुणीची वरची बाजू उजळ, खालची गडद. दिवा छातीसमोर असला की हा नियम दिव्याच्या पातळीवर उलटतो. दिव्याच्या वर असलेल्या भागांना उजेड खालून लागतो, म्हणून हनुवटीचा, नाकाचा तळ उजळतो आणि खांद्यावरच्या चुणीची खालची कूस उजळते. दिव्याच्या खाली कंबरेकडे परत वरची बाजू उजळ. एकाच साडीत दोन्ही दिसतं. चित्राची नक्कल करणारे नेमके इथे अडकतात, कारण सवयीने ते सगळीकडे वरूनच उजेड टाकतात आणि मग दिवा चित्रात चिकटवल्यासारखा दिसतो. खऱ्या साडीवर हा बदल एकदा डोळ्यांनी पाहिला की चित्रातही तो लगेच सापडतो.

दुसरी, उजेड किती लवकर विझतो. छोट्या दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो, तिप्पट झालं की नववा. दिव्यापासून वीतभर अंतरावरची छाती आणि दोन हातांवरचं पाऊल यांत किती फरक पडेल त्याचा हिशेब करा. म्हणून निऱ्यांचा खालचा भाग जवळजवळ अंधारात जातो, आणि तिथे चुण्या कोरून काढणं खोटं ठरतं.

तिसरी, आडोशाच्या हाताची सावली. ती कापडावर पडली की खालच्या चुण्या नाहीशा होतात, फक्त एक सलग गडद आकार उरतो. हात थोडा इकडेतिकडे हलवायला सांगून ती सावली फिरताना बघा. बोटांच्या फटींतून आणि कडांतून लालसर उजेड पाझरताना दिसेल. तो रक्तामुळे लाल असतो, दिव्यामुळे नाही.

चौथी, कडा. चुणीच्या गोल वळणावर उजेडाकडून अंधाराकडे जाणारी कडा मऊ असते. एका चुणीची दुसरीवर पडलेली सावली मात्र, चुणीच्या जवळ असेल तिथे, धारदार असते. आधाराच्या ठिपक्यापाशी चुणी टोकदार, दूर जाईल तशी पसरट. या दोन कडांचा फरक नसेल तर कापड पत्र्यासारखं दिसतं. (याच्या उलट चूक म्हणजे सगळं मऊ करणं. मग ते कापूस होतं.)

रेखाटन असं करा: मॉडेलला दहा मिनिटं उभं करायचं, पाच मिनिटं बसवायचं. बसून उठल्यावर चुण्या पहिल्यासारख्या परत येत नाहीत, कितीही जुळवा. म्हणून एका बैठकीत एकच भाग संपवा: पहिल्यांदा खांदा आणि पदर, पुढच्या वेळी कंबर, मग निऱ्या. संपूर्ण आकृती तीन बैठकांत थोडी-थोडी काढलीत तर वरची साडी एका बाईची आणि खालची दुसरीची होते. फोटो काढून ठेवायला हरकत नाही, पण मोबाइल अंधार आपणहून उजळवतो. एचडीआर बंद करा आणि एक्सपोजर खाली ओढा, डोळ्यांना दिसतं तेवढा काळोख फोटोत येईपर्यंत.

तपासणी: रेखाटन आणि छापील प्रत शेजारी ठेवा. हळदणकरांनी काय गाळलंय ते शोधा. तुमच्या मॉडेलच्या साडीवर दिसलेल्या किती चुण्या चित्रात नाहीत? आणि ज्या ठेवल्यात त्या कोणत्या ठिपक्यातून निघतात? चित्र शिकवायला लागतं ते इथून पुढे.

## टप्पा 5: तीन छटांचा आराखडा

पोस्टकार्डएवढ्या कागदावर, फक्त पेन्सिलने किंवा एकाच तपकिरी रंगाने. उजळ, मधली, गडद, बस. डोळे किलकिले करून काळ्या-पांढऱ्या प्रतीकडे बघा आणि मोठे आकार पकडा. उजळ भाग किती थोडा आहे ते बघून आश्चर्य वाटेल. कोरा पांढरा कागद फक्त ज्योतीपाशी राखायचा. ब्लाउजच्या बाहीवर, काठावर, निऱ्यांच्या कडेला पांढरं ठेवलंत की दिवा मंद होतो.

छटांचा सराव वेगळा हवा असेल तर आषाढ-श्रावणात जवळच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, जा. रंग न दिलेल्या मातीच्या मूर्ती ओळीने ठेवलेल्या असतात, हलत नाहीत, एकाच रंगाच्या असतात. टॉर्च वेगवेगळ्या उंचीवर धरून पितांबरावर छटा कशा फिरतात ते बघा. फक्त त्या चुण्या पाठ करू नका. पितांबराच्या चुण्या ठरलेल्या वळणाच्या असतात, वर्षानुवर्षं त्याच.

## टप्पा 6: कागद ताणणं, आणि पावसाळ्याचं काय

अर्धा इम्पीरियल कागद, म्हणजे 15 बाय 22 इंच, उभा धरा. आकृती 17 इंच काढलीत तर डोकं सव्वादोन इंचांचं येतं. याहून लहान काढलीत तर बोटं आणि चेहरा ब्रशात मावणार नाहीत.

कागद पाच-सात मिनिटं पाण्यात भिजवा, उचलून पाणी निथळू द्या, बोर्डवर पसरून चारही कडा ओल्या करायच्या गम टेपने चिकटवा. मास्किंग टेप ओल्या कागदावर धरत नाही. बोर्ड आडवा ठेवूनच वाळवा. मे महिन्यात दोन-तीन तासांत होणारं काम जुलैत रात्रभर घेतं.

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी कागदाची आणखी एक चाचणी घ्यावी. दमट हवेत ठेवलेल्या कागदाचा वरचा लेप जागोजाग खराब होतो. बघून कळत नाही. रंग लावला की त्या ठिकाणी तो टीपकागदासारखा शोषला जातो आणि गडद ठिपके उमटतात. कोपऱ्यात फिक्या रंगाचा वॉश देऊन आधी बघा. ठिपके आले तर तो कागद रेखाटनाला वापरा. नवे कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करून, भिंतीपासून दूर ठेवा.

रेखाटन कागदावर उतरवताना टप्पा 2 ची निळी आकृती आधी पुसट काढा, तिच्यावर टप्पा 3 चे ठिपके, आणि मग साडी. खोडरबर कमीत कमी. खरवडलेल्या कागदावर वॉश कधीच स्वच्छ बसत नाही.

## टप्पा 7: रंगाचे थर

तीन थर, फार तर चार. त्यावर गेलात की चिखल.

पहिला थर उजेडाचा. यलो ऑकरमध्ये लाइट रेडचा कणभर अंश, भरपूर पाणी. ज्योत वगळून दिव्याचा उजेड पोचतो तेवढ्या सगळ्या भागावर, चेहरा-हात-साडी असा भेद न करता. उजेड संपतो तिथे स्वच्छ पाण्याने कडा विरघळवा. साडी जांभळी, मग पिवळा कशाला, असं वाटेल. जांभळ्या कापडावर पिवळा उजेड पडला की जांभळा जास्त जांभळा होत नाही. तो राखट, गुलाबीकडे झुकलेला दिसतो. खऱ्या साडीवर तुम्ही ते पाहिलं असेल. हा थर खाली नसेल तर तो राखट गुलाबी नंतर मिसळून मिळत नाही.

वाळू द्या. वाळलंय की नाही ते हाताच्या पाठीने बघा. गार लागलं तर आत ओल आहे, दिसायला कितीही कोरडं दिसो. कोकणातल्या पावसाळ्यात सगळ्यात जास्त चित्रं इथे मरतात: दुसरा थर घाईने जातो, पहिला हलतो, आणि कडेला दातेरी डाग पडतात. हेअर ड्रायर चालेल, पण कागदावरची चमक गेल्यावरच आणि हातभर लांबून. पाणी चमकत असताना वारा मारलात तर रंग ढकलला जाईल.

दुसरा थर साडीचा. अल्ट्रामरीन आणि क्रिमसन, त्यात अगदी थोडा बर्न्ट सिएना, म्हणजे जांभळा बाजारू होत नाही. उजेडाच्या जागी पातळ, दूर जाईल तसा दाट. चुण्या अजून नाहीत! या थरात फक्त मोठे आकार: छाती, पोट, मांडी यांची गोलाई. हा थर संपल्यावर चुण्यांशिवायच आत माणूस आहे असं वाटलं पाहिजे. वाटत नसेल तर तिसऱ्या थराने काही होणार नाही. अल्ट्रामरीन ओल्या ब्रशने बराचसा उचलता येतो, क्रिमसन कागदाला डाग देऊन बसतो, म्हणून चूक वाटली तर आत्ताच, वाळण्याआधी उचला.

जलरंग वाळला की फिका होतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि ब्रश हातात आला की सगळे विसरतात. ओला असताना थोडा जास्त गडद वाटेल असाच लावा.

तिसरा थर चुण्यांचा आणि सावल्यांचा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून गडद करडा-तपकिरी, त्यात साडीचा रंग. आता टप्पा 3 मधल्या सहा-सात रेघा आठवा आणि तेवढ्याच चुण्या घ्या. प्रत्येक चुणीला एक मऊ कडा आणि, असेल तर, एक धारदार. दोन ब्रश हातात ठेवा, एक रंगाचा आणि एक नुसत्या पाण्याचा. खाली पायाकडे जाताना चुण्या एकमेकींत विरघळू द्या.

सावलीच्या आत बारीकसा परतलेला उजेड दिसतो, भिंतीवरून आलेला. तो दाखवायचा, पण उजळ भागापेक्षा नेहमी गडद. ही चूक इतकी सर्रास होते की तपासायला सोपा उपाय सांगतो: चित्राचा काळा-पांढरा फोटो काढा. सावलीतला कोणताही भाग उजेडातल्या भागाइतका उजळ दिसत असेल तर तो पातळ वॉशने दाबा.

## टप्पा 8: काठ आणि नक्षी शेवटी

काठ आधी काढणाऱ्यांची संख्या मोठी आहे, कारण तो काढायला मजा येते. पण काठ म्हणजे कापडाच्या कडेवरची पट्टी, ती कापड वळेल तिथे वळते, चुणीमागे गेली की दिसेनाशी होते आणि पलीकडून पुन्हा निघते, बहुधा वेगळ्या रुंदीने. आधी अखंड काठ काढून मग चुण्या बसवल्यात की साडी सपाट होते. अंधारातल्या काठाला जरीचा पिवळा लावू नका; तिथे तो तपकिरी असतो.

तपासणी: कोऱ्या कागदात खिडकी कापून फक्त काठ दिसेल असं धरा. नुसत्या काठावरून चुण्या कुठे आहेत ते सांगता आलं पाहिजे.

## टप्पा 9: तेच डोळे, दुसरा उजेड

नक्कल झाली की महिनाभरात स्वतःचं एक चित्र करा, आणि उजेड बदला. नाही तर तुम्ही फक्त दिव्याची साडी शिकलात.

जुन्या कौलारू घरात काचेचं कौल असेल तर त्याखाली मॉडेल उभं करा. ढगाळ दिवस निवडा. ऊन असलं की उन्हाचा कवडसा सरकत राहतो. इथे उजेड सरळ वरून येतो, म्हणून खांदा आणि छातीचा वरचा भाग उजळ आणि निऱ्या बहुतांश मधल्या छटेत. अंगणात किंवा ओट्यावर काम करत असाल तर पायांकडे नीट बघा. लाल मातीवरून आणि जांभ्याच्या चिऱ्यांवरून परतलेला उजेड साडीच्या खालच्या सावल्यांत तांबूस रंग भरतो. त्या सावल्या निळ्या-करड्या रंगवल्यात तर चित्र कोकणातलं राहत नाही.

काष्ट्याची नऊवारी घेतलीत तर आधाराचे ठिपके नव्याने द्यावे लागतात. मागे खोचलेला काष्टा हा नवा आधार, आणि ताण दोन पायांच्या मधून पुढे-मागे जातो. पाय वेगवेगळे दिसतात, गुडघा स्पष्ट कळतो, आणि पोटरीवर कापड गुंडाळल्यासारखं तिरपं जातं. सहावारीच्या सरळ निऱ्या तिथे आणल्यात की बघणारी कोणतीही बाई पहिल्या नजरेत चूक पकडेल. मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजारात मासे विकणाऱ्या बायकांची रेखाटनं करायला गेलात तर आधी विचारा, गिऱ्हाइकांच्या वाटेत उभे राहू नका, आणि मासे घ्या.

मूळ रंगवलेली चित्रं जवळून बघायची असतील तर देवरुखचं लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय आहे. तिथे जाताना वहीत टप्पा 1 चे तीन प्रश्न लिहून न्या आणि साडीतल्या किंवा धोतरातल्या कोणत्याही एका आकृतीसमोर बसून उत्तरं लिहा. एकाच.

नक्कल केलेलं चित्र विकू नका, त्याचे प्रिंट काढू नका. चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो, आणि हळदणकर 1968 साली गेले. स्वतःच्या अभ्यासासाठी केलेली प्रत ठीक आहे. मागे पेन्सिलने ‘हळदणकरांच्या चित्रावरून अभ्यास’ आणि तारीख लिहा. फ्रेम करायची असेल तर काच आणि चित्र यांत माउंट घाला, नाही तर पहिल्याच पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो. आणि ती फ्रेम पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नका. आमच्याकडे पाऊस त्याच बाजूने झोडपतो आणि ती भिंत दिवाळीपर्यंत वाळत नाही.